साहेब, यादीत नाव घ्या

'सिटी ब्रेक' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला तेव्हा मला वाटलं, पुन्हा कुठेतरी सिटी बसचा ब्रेक निकामी झाला. बायकोने खुलासा केला. शुक्रवारी रात्री निघायचं, एखादं परकं शहर गाठायचं, दोन दिवस तिथल्या जुन्या इमारती बघायच्या, तिथलं खायचं, तिथलं 'कल्चर' अनुभवायचं आणि सोमवारी सकाळी लाल डोळ्यांनी पण उजळ माथ्याने ऑफिसात हजर व्हायचं. आमच्या सोसायटीतल्या बी विंगमधलं एक जोडपं नुकतंच लिस्बनला जाऊन आलं होतं. लिफ्टमध्ये भेटले तरी ते तिथल्या निळ्या टाइल्सविषयी बोलत. ते चौथ्या मजल्यावर राहतात म्हणून निभावतं. अकराव्यावर राहत असते तर आम्हाला वास्को द गामाही ऐकावा लागला असता.

"आपणही जाऊ," मी म्हणालो. "धर्मापुरीला."

"तमिळनाडूत?"

धर्मापुरीचं हे दुखणं जुनं आहे. तमिळनाडूत त्या नावाचा अख्खा जिल्हा आहे, तेलंगणात गोदावरीकाठी त्याच नावाचं तीर्थक्षेत्र आहे, आणि आमची धर्मापुरी बीड जिल्ह्यात. नकाशाच्या ॲपवर नुसतं नाव टाकलं तर तेही आधी दक्षिणेचीच वाट दाखवतं. चालुक्यांच्या काळातलं देऊळ आणि भुईकोट किल्ला गावात असूनही ज्याला आपला जिल्हा जोडूनच नाव सांगावं लागतं, त्या गावाबद्दल मला आतून जवळीक वाटते. पुण्यात मीही माझं गाव सांगताना "लातूरजवळ" म्हणतो. अंबाजोगाई म्हटलं की पुढचा माणूस "देवीचं का?" म्हणतो आणि संभाषण संपतं.

देवीचाच दाखला देऊन बायकोला तयार केलं. ती रत्नागिरीकडची. योगेश्वरी तिच्या माहेरचं कुलदैवत. घरचं दैवत तीनशेवर किलोमीटर लांब आणि नवऱ्याचं घर त्या दैवताच्या गल्लीत, अशी आमची सोयरीक. टेंभुर्णी, बार्शी, येरमाळा, कळंब असं करत रात्री अडीचला आम्ही मावशीच्या दारात उभे होतो. मावशी म्हणाली, "आलाव का? जेवून घ्या." रात्री अडीचला. कल्चर सुरू झालं होतं.

सकाळी मावशी स्वयंपाकघरातून ओरडली, "सुशीला झालीय, गरम गरम आहे तवर घ्या!" बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, या घरातल्या सुशीलेबद्दल तिला कोणी काही बोललं नव्हतं. मग ताटली आली. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परतलेले, वर डाळव्याचं कूट आणि कोथिंबीर. पोह्यांना जे पुण्यात जमतं ते सगळं सुशीलेला जमतं, फक्त हिचा पोटाला भार होत नाही. अंबाजोगाई, परळी, लातूर, नांदेड या पट्ट्यात सकाळी कोणत्याही गाड्यावर ही भेटते. नाव कुणावरून पडलं हे मी मावशीला विचारलं. "असंल कुणाची तरी," म्हणत तिने मला आणखी एक डाव वाढली.

अंबाजोगाईत बघण्यासारखं एवढं आहे की ते दोन दिवसांत उरकायचं म्हणजे पंगतीत वाढप्याने पळत पळत वाढावं तसं. आम्ही तसंच उरकलं. मुकुंदराजांची समाधी पाहिली. 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा. हे मुकुंदराज आमच्या अंबाजोगाईचे की विदर्भातल्या आंभोऱ्याचे, यावर विद्वानांत वाद आहे. मावशीच्या गल्लीत तो नाही. दासोपंतांची समाधी पाहिली. या माणसाला लिहायला कागद पुरेना म्हणून त्याने 'पंचीकरण' चक्क पासोडीवर लिहून काढलं. मराठी लेखकाचा हा उत्साह संपादकांना फार पूर्वीपासून परिचयाचा असावा.

हत्तीखान्यात मात्र बायको रमली. खडकात खोदलेला मंडप आणि अंगणात दगडी हत्ती. तिथली लोककथा अशी की योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, देवी कोकणातून वऱ्हाड घेऊन निघाली, इथवर पोचली आणि मुहूर्त टळला. वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं, हत्तींसकट. देवी कुमारिकाच राहिली. परळी इथून पंचवीसेक किलोमीटर. म्हणजे एवढा सह्याद्री ओलांडून आलेलं वऱ्हाड शेवटच्या पंचवीस किलोमीटरला अडलं. मी म्हणालो, "आमच्याकडच्या रस्त्यांची ख्याती किती जुनी आहे बघ." बायको म्हणाली, "तुमच्याकडच्या जेवणावळींची. कुणीतरी 'जेवून निघा' म्हणालं असणार."

रविवारी सकाळी धर्मापुरी.

जानेवारी होता. दोन्ही बाजूंना हरभरा, मध्येच ऊस, आणि ज्वारीची कणसं हुरड्याला आलेली. गावात शिरलो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती कुलपं. गल्लीत दर दोन-तीन घरांआड एक घर बंद, दाराला कुलूप, उंबऱ्याशी पाचोळा. बायको म्हणाली, "इतकी घरं रिकामी कशी?" पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ते ऐकलं. त्यांना सगळे बप्पा म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणालो.

"कोयत्यावर गेलेत," बप्पा म्हणाले. "कारखाने बंद झाल्यावर येतेत, मार्चा-एप्रिलात."

ऊसतोडीच्या हिशोबात 'कोयता' म्हणजे हत्यार असतं आणि मजुरीचं मापही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घ्यायची, बिऱ्हाड गाडीत भरायचं आणि सांगली, कोल्हापूर, बारामती, कर्नाटक, जिकडे कारखाना असेल तिकडे जायचं. बप्पांनी विचारलं, "तुमी कुठून येऊ लालाव?"

"पुण्याहून."

"मंग तुमच्याकडंच हायेत की आमची लेकरं," ते म्हणाले. "दिसली का कुठं?"

मी लिस्बनला गेलो नाही ते बरं केलं. तिथे असं कोणी विचारत नाही.

यानंतर माझी रीतसर चौकशी झाली. पुण्याचे म्हणजे मूळ कुठले? अंबाजोगाई. कुठल्या गल्लीतले? आडनाव काय म्हणालात? आजोबा काय करायचे? ते मास्तर होते का? किती एकर? खाली का वर? बोअरला पाणी हाय का? हे काय, बाईच्या माहेरचे? मग त्यांचं आडनाव? परदेशी शहरात विमानतळावरचा अधिकारी तीन प्रश्न विचारून शिक्का मारतो. इथे पारावर चौघे बसलेले आणि शिक्का मारायची कुणालाच घाई नाही. अखेर माझ्या आजोबांचा एक विद्यार्थी त्यांच्यातल्याच एकाचा चुलता निघाला. त्याला आजोबांनी एकदा छडीने फोडलं होतं म्हणे. त्या छडीवर आम्हाला गावात प्रवेश मिळाला.

केदारेश्वराचं देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं, अकराव्या-बाराव्या शतकातलं. हे चालुक्य म्हणजे आजच्या बसवकल्याणहून राज्य करणारे. त्यांच्यातला सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षं गादीवर होता आणि त्याचं चरित्र लिहायला काश्मीरहून बिल्हण कवी आला होता. काश्मीरचा माणूस इकडे नोकरी शोधत येत होता असा एक काळ मराठवाड्याने पाहिला आहे, हे मी बायकोला दोनदा सांगितलं. तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं, असं ती म्हणाली.

काळ्या बसाल्टचे दगड, एकावर एक नुसते बसवलेले, सांध्यात चुना नाही. मंडपातले खांब असे गोल घोटलेले की सुताराने लेथवर लाकूड फिरवावं. आणि बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी. डॉ. गो. बं. देगलूरकरांनी मराठवाड्यातल्या या देवळांवर आयुष्यभर काम केलं. त्यांची पुस्तकं वाचून मी थोडी तयारी केली होती. शिल्पशास्त्रात या सुंदऱ्यांना कामं वाटून दिलेली असतात. आरसा धरणारी ती दर्पणा, मृदंग वाजवणारी मर्दला, पत्र लिहिणारी पत्रलेखा, पोपटाशी बोलणारी शुकसारिका. एकीच्या पायाशी तर माकड असतं आणि ते तिचं वस्त्र ओढत असतं. नऊशे वर्षं ती त्याला हाकलते आहे आणि नऊशे वर्षं ते ऐकत नाही. घरात लहान मूल असलेल्या कुठल्याही बाईने तिच्यापुढे दोन मिनिटं उभं राहावं, बरं वाटतं.

बायकोला चित्रं काढायचा नाद आहे. तिने पिशवीतून वही काढली, देवळासमोरच्या दगडावर बैठक मारली आणि एका सुरसुंदरीचा कमरेतला बाक उतरवायला घेतला. मी मोबाइल आडवा-उभा धरून भिंतीचे फोटो काढत होतो आणि मधेच हाताने वीत मोजत होतो, कारण देगलूरकर वाचल्यावर माणसाला आपणही काहीतरी मोजावं असं वाटायला लागतं.

ही माझी चूक झाली. खेड्यात भिंत मोजणारा माणूस आणि वहीत लिहिणारी बाई एकत्र दिसली की तो सर्वे असतो.

पहिल्यांदा एक पोरगं आलं, बघून पळालं. पाच मिनिटांनी दोन बायका आल्या, पदर डोक्यावर सारखा करून उभ्या राहिल्या. मग एक म्हातारी आली. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स, चार घड्या घातलेली.

"म्याडम, आमचं बी घ्या की."

"काय घेऊ, मावशी?"

"नाव. घरकुलाच्या यादीत. मागल्या टायमाला सर्वे झाला तवा आमी कारखान्यावर होतो. घराला कुलूप बघून सायेब माघारी गेले."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन समजावलं की आम्ही सर्वेवाले नाही, नुसते देऊळ बघायला आलोय. म्हातारी शांतपणे म्हणाली, "तसंच म्हणतेत समदे. पयल्यांदा देऊळच बघतेत."

आता इतका वेळ नऊशे वर्षांच्या स्थापत्याविषयी मनात जे मोठमोठे विचार चालले होते ते जरा आवरते घ्यावे लागले. घरकुल म्हणजे कमीत कमी २५ चौरस मीटर, आपल्या हिशोबाने २६९ चौरस फूट. पुण्यात तेवढ्यात आमची गाडी उभी राहते. हप्त्याहप्त्याने पैसे येतात. पाया झाला की एक, भिंती झाल्या की एक, छत पडलं की एक. गर्दीतला एक तरुण म्हणाला, "आमचं छत हाये सर, हप्ता न्हाई." दुसरा म्हणाला, "आमचा हप्ता आलाय, वाळू न्हाई." तिसऱ्याच्या घराच्या भिंती खिडकीच्या उंचीपर्यंत येऊन दोन वर्षं तशाच होत्या. देवळाच्या मंडपाखाली अर्धवट बांधकामांची ही यादी ऐकताना मला उगाच वाटून गेलं की चालुक्यांनीही हे काम हप्त्यांवर केलं असतं तर सुरसुंदऱ्या कमरेपर्यंतच झाल्या असत्या.

बायको मात्र माझ्यापेक्षा शहाणी. तिने वाद घातला नाही. पान उलटलं आणि नावं लिहायला लागली. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, काय अडलंय. तिचं अक्षर सुरेख आहे. यामुळे संशय आणखी पक्का झाला.

तिचं लिहिणं चालू असताना बप्पा मला किल्ला दाखवायला घेऊन गेले. किल्ला म्हणण्यापेक्षा तो आता तट उरलाय म्हणावं. पण तो तट वाचायला बसलं तर अख्खी दुपार जाईल. कुठल्याकुठल्या देवळांचे कोरीव दगड त्या तटात बसवलेले आहेत. एका ठिकाणी कमळ आडवं पडलंय, एका ठिकाणी कुणा देवाची नुसती पावलं आहेत आणि वर दुसऱ्याच कुठल्या खांबाचा तुकडा. बांधणाऱ्याला दगड हवा होता, नक्षी त्याला फुकटात आली. मी हळहळलो. बप्पांनी तटाच्या दगडाला पाठ लावली आणि बिडी पेटवली. म्हणाले, "दगड हाय, कुठं तरी लागणारच. आमच्या दादाच्या गोठ्यालाबी दोन होते असलेच. गाय पाठ घासायची."

परतताना त्यांनी आपलं घर दाखवलं. माळवदाचं घर. सागाच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर हातभर माती. छताला उजेडासाठी ठेवलेलं भोक, साणं, आणि त्यातून उन्हाची एक सोटी थेट चुलीशेजारी उतरलेली. बाहेर डोकं तापायला लागलं होतं आणि आत अंगावर काही घ्यावं असा गारवा. दर वर्षी पावसाआधी वर नवी पांढरी माती टाकायची म्हणजे गळत नाही, असं बप्पा सांगत होते. माती दर वर्षी वाढत जाते, भार दर वर्षी वाढत जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा माणसं गेली ती याच मातीखाली. त्यानंतर या भागात माळवदाखाली झोपायला लोक भ्यायले. "पोरगं म्हणतंय, हे पाडून घरकुल बांधू," बप्पा म्हणाले. "म्हणलं, आधी हप्ता येऊ दे. मंग पाडू. न्हाईतर ह्ये बी जायाचं आन त्ये बी."

एवढा व्यवहारी वास्तुविचार मला एकाही पुस्तकात सापडलेला नाही.

जेवायला पुन्हा पकडलं गेलं. खरं तर आम्ही परतीच्या वाटेवर परळीला खाणार होतो, पण बप्पांच्या सुनेने शेतात आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत ज्वारीची कणसं खुपसलेली. भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं आणि फुंकर मारून कोंडा उडवायचा. उरतात ते हिरवे, टपोरे, वाफाळते दाणे. मी चोळलं. तळहात भाजला, दाणे मातीत गेले, कोंडा डोळ्यांत. सुनेने एका कणसाला चार चोळे दिले आणि ओंजळ भरून बायकोपुढे केली. जोडीला शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, घट्ट दही. हुरड्यासाठी गूळभेंडी ज्वारीच लागते, बाकीची नुसती खायची, यावर तिथे जमलेल्या सगळ्यांचं एकमत होतं. धर्मापुरीत त्या दिवशी एकमत झालेला हा एकमेव मुद्दा. मी पैसे देऊ केले तर बप्पा पहिल्यांदाच रागावले. "मास्तराचा नातू हायेस म्हणून सोडतो," म्हणाले.

निघताना ती म्हातारी गाडीपाशी आली. झेरॉक्स परत बायकोच्या हातात देत म्हणाली, "असू द्या तुमच्यापाशी. माझ्याकडं आनिक एक हाये."

पुण्यात पोचायला पहाटेचे तीन वाजले. सोमवारी लिफ्टमध्ये बी विंगवाले भेटले. "कुठे होतात वीकेंडला?" मी धर्मापुरी सांगितलं. "ओ, तमिळनाडू! नाइस!" ते म्हणाले आणि चौथा मजला आला.

वही तशीच ठेवणं बायकोला जमेना. तिने नावं स्वच्छ उतरवून काढली. एकूण एकतीस. पुढच्या खेपेला मी ती योग्य त्या कार्यालयात नेऊन दिली. घाईत झेरॉक्सवाल्याने वहीचं आधीचं पानही सोबत टाचलं होतं. समोरच्या गृहस्थांनी यादी वाचली, पान उलटलं आणि बराच वेळ सुरसुंदरीकडे पाहत राहिले. पायाशी माकड, कमरेत बाक.

"यांचा आधार नंबर नाही दिलेला," ते म्हणाले.

मी म्हटलं, त्या यादीत नाहीत, त्यांना घर आहे.

"आणि आपण कोण? संस्था, पक्ष, पत्रकार?"

"पर्यटक," मी म्हणालो.

त्यांनी तो शब्द अर्जाच्या कोपऱ्यात खरंच लिहून घेतला, शिक्का मारला आणि आवक क्रमांक दिला. तो क्रमांक मी बप्पांना फोनवर कळवला आहे. त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला आणि मग विचारलं, आमच्या इकडच्या लेकरांपैकी कुणी दिसलं का.

तुम्ही धर्मापुरीला जाणार असाल तर हुरड्याच्या दिवसांत जा. पाणी न्या, टोपी न्या, आजोबांचं नाव पाठ करून जा. आणि वही नेणार असाल तर दोनशे पानी न्या.